आमच्या गावची पूर्व

तलावाचं तुडूम नऊ दिवस बंद होतं. त्यांतले पहिले तीन दिवस कुणाच्याच हातात नव्हते, शेवटचे चार कागदाला लागले आणि मधले दोन माझे आहेत. ही फोड मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सांगायची गरज नव्हती असं मी समजत होतो.

आमचं गाव करडीच्या पुढे, मोहाडी तालुक्यात. गावाला जुना तलाव आहे, त्याची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, सहाशे चाळीस मीटर लांब आहे. ही लांबी मी स्वतः टेपाने मोजलेली आहे. पाळीच्या पोटात दगडी तुडूम आहे, म्हणजे पाणी सोडायचं दार. ते उघडलं की पाणी नहरात येतं आणि नहरातून बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांत जातं. तुडूम उघडणारा माणूस वेगळा असतो, त्याला पाणकर म्हणतात. आमचे पाणकर काका सत्तरीचे आहेत आणि कुणाच्या बांधीला किती वेळ पाणी लागतं हे घड्याळ न बघता सांगतात. मला ते कधी पटलं नाही.

मी भाताच्या गिरणीत वजनकाट्यावर काम करतो. गाव मला पाठीमागे ‘काटा’ म्हणतं, हे मला माहीत आहे. संध्याकाळी गिरणीतून आलो की पाळीवर जायचं, पाण्यातल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि पाणी समितीच्या नोंदवहीत लिहायचा, हे माझं तेरा वर्षांचं काम. तारीख, वेळ, पातळी, शेरा असे चार रकाने. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात नवस नाही, अंगारा नाही. पाहिल्याशिवाय मानायचं नाही आणि मोजल्याशिवाय बोलायचं नाही, एवढंच आम्हाला शिकवलं गेलं. मी ते शिकलो. माझा धाकटा भाऊ तेवढं शिकला नाही असं मला वाटायचं.

आई गेली त्या वर्षी आमच्या वाटण्या झाल्या. जमीन मीच मोजली. दोघांनाही गुंठ्यागणिक सारखं क्षेत्र आलं आणि मग चिठ्ठ्या टाकल्या. मला नहराच्या तोंडाजवळच्या बांध्या आल्या, भावाला शेवटच्या टोकाच्या. टोकाला पाणी पोचतं ते सगळ्यांचं झाल्यावर. भाऊ तेव्हा म्हणाला होता की क्षेत्र सारखं आहे, पण पाणी सारखं नाही. मी म्हणालो, पाणी टेपाने मोजता येत नाही. उत्तर मला हुशारीचं वाटलं होतं.

आईच्या मागे आणखी एक गोष्ट उरली होती, चिन्नोरचं बियाणं. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ. बाजारात चिन्नोर मिळतो, पण आईचं बियाणं तिच्या माहेरचं, ती लग्नात घेऊन आली होती आणि दर वर्षी एका कोपऱ्यात लावून पुढे चालवत होती. धान्याच्या ढोलीच्या तळाशी ते अकरा किलो निघालं. मी म्हटलं, हे गरवं धान आहे, उशिरा निसवतं, म्हणजे लोंब्या उशिरा येतात, शेवटचं पाणी मिळालं नाही तर हाती काही येत नाही, मी लावणार नाही. भाऊ म्हणाला, “मी लावतो. आणखी एक वर्ष ठेवलं तं उगवणार नाही थे.”

त्याने अकराच्या अकरा किलो पेरलं. थोडं मागे ठेव, असं मी सांगितलं होतं. त्याचं म्हणणं, जुनं बियाणं आहे, किती उगवेल सांगता येत नाही, मागे ठेवून करायचं काय. पऱ्हे, म्हणजे रोपं, चांगले उगवले. रोवणी झाली. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, आम्हा बाकीच्यांची धानं पिवळी पडायला लागली तेव्हा, त्याच्या बांध्या हिरव्यागार होत्या आणि पोटरीतून लोंब्या बाहेर पडत होत्या. पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते. बियाण्याचं काय व्हायचं ते आता तलावाच्या एका पाण्यावर होतं.

त्याच आठवड्यातल्या एका संध्याकाळी पाळीवर गर्दी होती. ढिवरांनी जाळं ओढलं होतं आणि मासोळी घ्यायला लोक जमले होते. सवयीने मी माणसं मोजली. माझ्यासकट चौतीस. सूर्य मावळला होता, उजेड अजून होता. मी पट्टीवरचा आकडा लिहीत होतो, तेवढ्यात कुणीतरी वर बोट केलं.

तलावाच्या पलीकडे, झाडांच्या बऱ्याच वर, नारिंगी रंगाचा एक उजेड होता. विमान नव्हतं. विमानं आमच्यावरून रोज जातात, त्यांचे दिवे लुकलुकतात आणि आवाज मागून येतो. हा उजेड लुकलुकत नव्हता, आवाज नव्हता. तो काही वेळ एका जागी थांबल्यासारखा दिसला, मग सावकाश खाली आला आणि झाडांच्या रेषेमागे गेला. मी घड्याळ पाहिलं होतं. सहा वाजून सात मिनिटांपासून सहा वाजून अकरा मिनिटांपर्यंत. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश भरते, हे मला शाळेपासून माहीत आहे. पहिल्यांदा दिसला तेव्हा तो झाडांच्या वर दोन मुठी होता आणि सरळ समोरच्या पूर्वेपासून डावीकडे तीन मुठी.

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: “सायं. ६.०७ ते ६.११, पूर्वेपासून उत्तरेकडे ३० अंश, उंची २० अंश, नारिंगी प्रकाश, आवाज नाही, खाली गेला.” तेरा वर्षांत त्या रकान्यात शेवाळ, गाळ आणि एकदा मेलेली म्हैस एवढंच आलं होतं.

समितीतल्या कुणीतरी पानाचा फोटो काढून मोबाइलच्या ग्रुपवर टाकला. तो कुठून कुठे गेला मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी तलाठ्याचा निरोप आला की मोहाडीला तहसीलमध्ये या, लष्कराची माणसं आली आहेत.

दोघे होते. एक लिहिणारा आणि एक विचारणारा साहेब. साहेब तिशीचा असेल, शांत, हिंदी स्वच्छ. त्याने मला हात लांब करायला लावून माझी मूठ पट्टीने मोजली. घड्याळ कशावर लावता ते विचारलं. मी सांगितलं, रोज सकाळी रेडिओवर. त्याने लिहिणाऱ्याकडे पाहिलं. आमच्या पश्चिमेला आठ किलोमीटरवरच्या एका गावातून एका शिक्षकानेही तोच उजेड मोबाइलमध्ये धरला होता, पण त्याला वेळेपलीकडे काही सांगता आलं नव्हतं. दिशा त्यांनी त्याच्या मोबाइलच्या चित्रात दिसणाऱ्या एका मनोऱ्यावरून काढली होती. माझं सगळं बयान आकड्यांत होतं. प्रत्येक पानावर सही झाल्यावर साहेब उठून उभा राहिला आणि म्हणाला, “आप जैसा गवाह मुश्किल से मिलता है।”

हे वाक्य मी घरी बायकोला सांगितलं, गिरणीत सांगितलं आणि पानठेल्यावरही सांगितलं.

दोन दिवसांनी एक ट्रक आणि दोन गाड्या पाळीवर आल्या. माझी रेषा आणि शिक्षकाची रेषा त्यांनी नकाशावर ओढली होती. साहेबाने नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरून मला दाखवला. दोन्ही रेषा आमच्याच तलावाच्या वरच्या कोपऱ्यात, कमळाच्या दलदलीत, एकमेकींना छेदत होत्या. आकाशातून काही पडलं असेल तर ते तिथे पडलं असणार. काय, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाळीवर दोर बांधले गेले, तंबू लागला, रबरी नाव पाण्यात उतरली. तपास संपेपर्यंत जाळं टाकायचं नाही आणि तुडूम उघडायचं नाही. पातळी हलली तर तळाशी असेल ते सरकेल, असं कारण दिलं. कारण बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

गावाला विचारलं तेव्हा गावाने काही पाहिलं नव्हतं. साक्षीदारांना नागपूरला नेतात, मोबाइल जप्त करतात, अशी हूल उठली होती. तेहतीस माणसं एका दिवसात आंधळी झाली. जाळं ओढणाऱ्यांपैकी एकाने साहेबाला तोंडावर सांगितलं, “मासोळी खाली रायते साहेब. आमी वर कायले पाहू?” साहेबसुद्धा हसला.

मी हसलो नाही. त्या संध्याकाळी पानठेल्यावर मी सगळ्यांना बोललो. नाव घेऊन बोललो. तुम्ही पाहिलं आणि आता नाही म्हणता, म्हणजे लष्करासमोर मला खोटं पाडता. मी एकटा उभा आहे, चालेल, पण माझा एक आकडा चुकीचा काढून दाखवा, त्या दिवसापासून नोंदवही तुमच्या हातात देतो. एक जण सुपारी कातरत म्हणाला, “काट्याले कोण तोलणार भाऊ?” लोक हसले. मला तो मान वाटला.

तोंडाकडच्या सगळ्या बांध्यांना शेवटचं पाणी मिळून गेलं होतं. माझ्याही. राहिलं होतं ते टोक. भाऊ पहिल्याच दिवशी पाळीवर आला आणि दोराच्या अलीकडे उभा राहिला.

“दादा, उद्या माह्यी पाळी होती.”

मी त्याचं म्हणणं साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, दोन-तीन दिवसांची गोष्ट आहे. मी भावाला तेच सांगितलं. पाणकर काका बाजूला बसले होते. त्यांनी बांध्यांच्या दिशेने पाहिलं आणि म्हणाले, “चिन्नोर सात दिवस धरते. आठव्या दिवशी लोंबी पांढरी होते.”

मी विचारलं, हे सात कुठून काढले? काका म्हणाले, “काढले नाई. पायले.” मी मनात म्हटलं, अंदाजाला आकड्याचा शर्ट घातला की झालं.

तुडूम बंद झाल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी गिरणीत जायच्या आधी मी पाळीवर गेलो. तलावाचे चौकोन पाडून शोध घ्यायचा म्हणून त्यांच्यातल्या एकाने तुडुमाजवळ तिपाईवर होकायंत्र लावलं होतं. मी जिथे उभा राहून रोज आकडा लिहितो, बरोबर त्याच दगडावर. त्याने तलावाच्या पलीकडे सरळ समोर नेम धरला आणि लिहिणाऱ्याला ओरडून सांगितलं, “एक सौ अठारह।”

काकांनी त्याला हातानेच विचारलं, काय? तो चेष्टेने म्हणाला, “बाबा, आपका पूरब दक्षिण की तरफ़ भाग रहा है।” काका मान हलवून हसले. मला वाटलं, त्यांना काही कळलं नाही.

मला कळलं. पूर्व नव्वदवर असते. माझी पूर्व एकशे अठरावर निघाली होती.

आमच्या गावात तलावाच्या बाजूला उगवती म्हणतात. बांधीच्या चतुःसीमा तशाच लिहिल्या जातात, बैल तसाच हाकलतात, मयताचं डोकं तसंच ठेवतात. तलावाच्या पलीकडून सूर्य उगवतो, हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं. पण पाहिलेलं असतं ते कापणी-मळणीच्या दिवसांत, जेव्हा सगळं गाव पहाटे खळ्यावर असतं. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो. पिढ्यान्पिढ्या गावाने हिवाळ्यातला सूर्य बघून आपली पूर्व ठरवली आणि तीच बारा महिने वापरली. मीही वापरली. माझ्या मोबाइलमध्ये दिशा दाखवायची सोय होती, ती मी कधी उघडली नव्हती. ज्याची खात्री असते ते कुणी मोजत नाही.

गिरणीत पोचल्यावर आवारात उभं राहून मी मोबाइल उघडला आणि कागदावर हिशेब केला. मी समोरच्या पूर्वेपासून डावीकडे तीस अंश सांगितले होते. त्यांनी खऱ्या पूर्वेपासून धरले. माझी रेषा अठ्ठावीस अंश चुकली होती. ती जागेवर आणली तर शिक्षकाच्या रेषेला जवळजवळ समांतर जात होती आणि छेद गेला तर वीसेक किलोमीटर पलीकडे, जंगलात कुठेतरी. आमच्या तलावात काहीही पडलेलं नव्हतं. पडू शकत नव्हतं.

तो कागद खिशात ठेवून मी दिवसभर पोती तोलली. एकशे बारा. संध्याकाळी पाळीवर गेलो, पातळी लिहिली आणि घरी आलो. हा पहिला दिवस.

त्या दिवशी मी स्वतःला काय सांगितलं ते मला नीट आठवतं. उद्या सांगू. त्यांच्याकडे होकायंत्र आहे, ते स्वतःच ताडून बघतील. तज्ज्ञ माणसांना आपण काय सांगायचं. खरं कारण एवढंच होतं की पानठेल्यावर बोलून मला दोनच दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी दुपारची सुट्टी घेऊन तंबूपर्यंत गेलो. खिशात कागद होता. साहेबाने खुर्ची दिली, चहा मागवला. त्या उजेडाची कड स्पष्ट होती की पसरट, असं त्याने विचारलं. मी विचार करून उत्तर दिलं, ते त्याने लिहून घेतलं. मग म्हणाला की गावात कुणी बोलत नाही, तुम्ही आहात म्हणून काम चाललं आहे. मी चहा संपवला. कप खाली ठेवला. आणि उठलो.

बाहेर दोराजवळ भाऊ बसला होता. मला बघून तो उभा राहिला.

“काय झालं दादा? काय बोलला?”

“काही नाही. चहा पाजला.”

तो माझ्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ. मग खाली बसला आणि पाण्याकडे तोंड फिरवलं. तो पाण्यासाठी रागावला असेल असं मी समजलो आणि घरी आलो. हा दुसरा दिवस.

सहाव्या दिवशी गिरणीतून परस्पर त्याच्या बांध्यांवर गेलो. जमिनीला भेगा पडल्या होत्या. मी बोट घालून पाहिलं, दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. निम्म्या लोंब्या पोटरीत अडकल्या होत्या आणि बाहेर पडलेल्यांपैकी काहींची टोकं फिकट दिसायला लागली होती. भावाची बायको बांधावर उभी होती. एरवी मला पाहिलं की पाणी देऊ का विचारणारी बाई. त्या दिवशी तिने पदर सावरला आणि दुसरीकडे निघून गेली.

तिथून मी सरळ तंबूत गेलो आणि सांगितलं. साहेब रागावला नाही. नकाशा काढला, रेषा ओढून पाहिली. मग विचारलं, “आपको कब पता चला?”

मी म्हणालो, “आज.”

त्याने ते लिहून घेतलं. दुरुस्तीचं बयान झालं, मी प्रत्येक पानावर सही केली. माझ्या हाताखालून आजवर हजारो आकडे गेले असतील. खोटा म्हणून माहीत असताना सही केलेला एवढा एकच.

मला वाटलं, त्याच संध्याकाळी दोर सुटतील. साहेबाने समजावून सांगितलं की तपास एका लेखी बयानावर सुरू झाला आहे, तो थांबवायचा तर दुरुस्तीचा कागद वर जावा लागतो, वरून उत्तर यावं लागतं. मी विचारलं, तोवर तुडूम? तो म्हणाला, “मेरे हाथ में होता तो अभी खोल देता।” तो खरं बोलत होता असं मला वाटतं. मधे एक सुट्टीही आली. कागदाला चार दिवस लागले. नाव दोन दिवस तशीच बांधून ठेवलेली होती, शोध घेणारी माणसं पाळीवर पत्ते खेळत होती आणि पाण्याने भरलेल्या तलावाच्या खाली धान वाळत होतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी तंबू निघाला. काकांनी तुडूम उघडलं. भावाने नहरातून पाण्याच्या पुढे पुढे चालत पाणी आपल्या बांध्यांपर्यंत नेलं, कुदळीने कचरा बाजूला करत. लोंब्या पांढऱ्या झाल्या होत्या. ताठ, पांढऱ्या आणि हलक्या. भरलेली लोंबी वाकते, हे सांगायला काटा लागत नाही.

तपासात काय निघालं ते आम्हाला कुणी कळवलं नाही. दीड महिन्याने मी तहसीलमध्ये विचारायला गेलो तेव्हा एका लिपिकाने फाइल उघडून एक ओळ वाचून दाखवली: आक्षेपार्ह काही आढळून आले नाही. तो उजेड काय होता, मला आजही माहीत नाही. कुणी म्हणतं उपग्रहाचा तुकडा, कुणी म्हणतं हवामानाचा फुगा. आता मला त्याची उत्सुकताही नाही. दिशा चुकली होती हे गावाला कळलं आणि पुढचे सहा महिने मी दिसलो की कुणी ना कुणी म्हणायचं, “भाऊ, आज उगवती कोणीकडे हाये?” ते मी ऐकून घेतलं. नोंदवही समितीच्या पुढे ठेवली, म्हटलं शब्द दिला होता, घ्या. कुणी घेतली नाही. रोज संध्याकाळी पाळीवर जायला कुणाला वेळ आहे?

मळणीला भावाचं धान दीड पोतं झालं, त्यातलं बहुतेक पोचट. चार वेळा उपणून, पाण्यात बुडवून, तरंगलेलं फेकून जे मूठभर तळाला राहिलं ते त्याने आईच्या ढोलीत ठेवलं. मला त्याने काही म्हटलं नाही. बोलणं होतं, येणंजाणं होतं. तो नेहमीसारखाच वागत होता, म्हणून मी निश्चिंत होत गेलो.

मे महिन्यात त्याने मला बोलावलं. पेरणीच्या आधी बियाणं उगवतं का ते बघायची आमच्याकडे पद्धत आहे: शंभर दाणे मोजायचे, ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि कोंब मोजायचे. दाणे त्याने मोजून ठेवलेच होते, सातवा दिवस होता. म्हणाला, “तू मोज. तुह्यं मोजणं पक्कं असते.”

आम्ही त्याच्या पडवीत समोरासमोर बसलो. मी पोतं उलगडलं. मोजायला वेळ लागला नाही. शंभरातले अकरा उगवले होते. तेही बारीक, पांढरट, बोट लागलं तर तुटतील असे. मी पुन्हा मोजले. अकराच.

मी म्हणालो, “काकांचं खरं ठरलं. सात दिवसच धरलं.” का म्हणालो कोण जाणे.

भाऊ पोत्याकडे बघत होता. म्हणाला, “सातव्या दिवशी पाणी भेटलं असतं.”

मी पोत्याच्या तुकड्याची कड सारखी करायला लागलो.

“काकानं मले त्याच दिवशी सांगतलं होतं,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. “एकशे अठरा. साहेबाच्या यंत्रात आपली उगवती चुकली म्हणे, अना तुह्या दादाचं तोंड उतरलं. मी धावत गेलो तंबूत. साहेब म्हणाला, जिसका बयान है, वही आकर बोलेगा. दुसऱ्याच्या सांगण्यानं कागद नाही बदलत.”

“मग माझ्याकडे का नाही आलास?”

“तुले मालूम होतं ना दादा. जे तुले मालूम हाये थे मी काय येऊन सांगू?” त्याने एक कोंब चिमटीत धरून सरळ केला. “दोन दिवस बसलो दोराजवळ. दुसऱ्या दिवशी तू तंबूत गेला, तं मी म्हटलं, झालं. तू बाहेर आला अना म्हणाला, चहा पाजला.”

मला त्या क्षणी आठवलं ते साहेबासमोरचं माझं “आज”. ते त्याला माहीत होतं का, हे मी विचारलं नाही. माहीत असणारच. दुरुस्तीच्या बयानावर गावातला साक्षीदार म्हणून काकांचा अंगठा आहे आणि त्यांना ते वाचून दाखवलं होतं.

मी विचारलं, या अकराचं काय करणार? त्याने पोत्याचा तुकडा माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि म्हणाला, “लावतो परसात. अकरा तं अकरा.”

अकरा रोपं त्याने विहिरीजवळ लावली. एकदा बकरी शिरली, मग सात उरली. त्या सातांना तो बादलीने पाणी घालतो.

बांध्यांत त्याने या वर्षी माझंच वाण लावलं आहे, लवकर होणारं, ज्याला शेवटचं पाणी लागत नाही. समितीत पाणीपाळीची यादी मी वाचतो. टोकाशी त्याचं नाव येतं तेव्हा तो जागेवरूनच म्हणतो, “माह्यं राहू द्या.” मी त्याच्या नावापुढे रेघ मारतो आणि पुढचं नाव वाचतो.